हत्याराचा हात

(गांवच्या तालमींत जमलेल्या मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



कुस्तीवर चार शब्द सांगावे म्हणून आपण आम्हांस बोलाविलें. परंतु आखाड्यांतील कुस्ती आम्हीं तुम्हांस शिकवावी, हें कुंभाराला मडकें घडविण्याचा धडा देण्यासारखें होईल. ह्या गांवच्या लाल मातींत लोळून मोठे झालेले गडी येथें समोरच बसले आहेत. म्हणून आज आम्ही आखाड्याबाहेरच्या एका कुस्तीविषयीं बोलणार आहों. ह्या कुस्तींत पंच नसतो, हलगी वाजत नाहीं, जिंकणाऱ्याला फेटा मिळत नाहीं. आणि समोरच्याच्या हातांत सुरा, विळा नाहीं तर कोयता असतो. असा माणूस अंगाला भिडला म्हणजे त्याचा हत्याराचा हात कसा आवरावा, एवढाच आमच्या बोलण्याचा विषय आहे.

आधीं आमचीच एक चूक कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तालमींत सुताराचा एक मुलगा येत असे. अंगानें भक्कम, स्वभावानें गरीब. एका जत्रेच्या रात्रीं पाळण्यापाशीं दोन पोरांचें भांडण लागलें. एकानें कमरेचा चाकू काढला. हा मधें पडला तो भांडण सोडविण्यासाठींच. तालमींत आम्हीं जें शिकविलें होतें तेंच त्यानें केलें. जें पुढें आलें तें धरलें. पुढें आलें तें चाकूचें पातें. ह्यानें तें मुठींत आवळलें आणि समोरच्यानें हात मागें ओढला. जीव वाचला, परंतु दोन बोटें मिटविणाऱ्या दोऱ्या, ज्यांना वैद्य कंडरा म्हणतात, त्या तुटल्या. दवाखान्यांत पोंचावयास उशीर झाला. आज तो रंधा हातीं घेतो तेव्हां तीं दोन बोटें उभींच राहतात. पटाशीवर पकड बसत नाहीं. त्याच्या बापानें आम्हांस बोल लाविला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "वस्ताद, पोराला ताकद दिली तुम्ही, पण चाकूवाल्याचं काय धरायचं, तेवढं सांगायचं राहिलं." तें राहिलेलें सांगावयास आम्ही आज गांवोगांव फिरतों.

बंधूंनो, आपणां सर्वांचें पोट हातावर आहे. शेतकरी, सुतार, लोहार, चांभार, साळी, शिंपी, न्हावी, कोणाचेंही घर घ्या. घरची खरी इस्टेट म्हणजे दहा बोटें. ज्याच्या घरीं भाड्याचें व व्याजाचें उत्पन्न येतें त्याचा हात दुखावला तर तो दुसऱ्याच्या हातानें काम करवून घेईल. आपला हात गेला तर चूल गेली. म्हणून ही विद्या पहिलवानाच्या हौसेची नाहीं. ती आपल्या घरच्या भाकरीची आहे.

आतां मुद्द्याकडे येऊं. पहिला धडा हातांचा नसून पायांचा आहे. समोर हत्यार दिसलें आणि पळावयास वाट असली, तर पळा. पैसे मागतो, द्या. मोबाईल मागतो, द्या. मोटारसायकल मागतो, तीही द्या. ती पुन्हां घेतां येईल. पळण्यांत कमीपणा मानणाऱ्यानें इतिहास वाचावा. लढाई कोठें द्यावी व कोठें टाळावी, हें ओळखूनच आपल्या मावळ्यांनीं मोठमोठ्या फौजा जेरीस आणिल्या. वाट नसेल तर आपल्या व त्याच्यामध्यें कांहीं तरी घाला: बाज, गाडीचें जूं, काठी, फावडें. कांहींच नसेल तर घोंगडी किंवा सदरा डाव्या हाताला गुंडाळा. जोंवर चार हातांचें अंतर आहे तोंवर अंगाशीं जाण्याची हौस नको. पाठीमागें भिंत आहे, किंवा आपलें मूल, आपली म्हातारी आई त्याच्या तावडींत आहे, अशाच वेळीं भिडावें. आणि भिडावयाचें ठरलें कीं अर्धवट भिडूं नये. मधलें अंतर सर्वांत वाईट. तेथें त्याचा सुरा आपल्याला पोंचतो आणि आपला हात त्याला आवरूं शकत नाहीं. एक तर पूर्ण दूर, नाहीं तर पूर्ण जवळ.

जवळ गेलों, आतां काय धरावें? बैलगाडीचें चाक डोळ्यांपुढें आणा. चाक एकच, परंतु धांव सपाट्यानें पळते आणि मधला तुंबा संथ फिरतो. धांवेला हात लावील त्याचीं बोटें जातील. माणसाच्या हाताचें असेंच आहे. सुऱ्याचें टोंक म्हणजे धांव, खांदा म्हणजे तुंबा. टोंक विजेसारखें हलतें, मनगट त्याहून कमी, कोपर त्याहून कमी, आणि दंड तर फारच थोडा हलतो. म्हणून टोंकाच्या मागें धांवूं नका, मुळाकडे या. हात खालीं येत असतां आपले दोन्ही पुढचे हात त्याच्या कोपराजवळ आडवे घालून तो अडवा. अडला कीं मग सरकत मनगटावर या व धरा. आधीं अडवावें, मग धरावें. उडत्या मनगटावर झडप घालणारा दहांत एखादे वेळीं तें पकडील. उरलेल्या वेळीं पातेंच मुठींत येईल. आमच्या सुताराच्या पोराचें हेंच झालें.

धरावयाचें तें एका हातानें नव्हे. ही गोष्ट गांठीं बांधून ठेवा. एका मुठींत त्याचें मनगट धरलें, तर तो जोर करून हात मागें ओढतो व पुन्हां पुढें मारतो. शिवणयंत्राची सुई जशी खालीं-वर होते तसा त्याचा सुरा चालूं लागतो. त्याच्या एका हातावर आपले दोन हात घाला. एक मनगटावर, दुसरा कोपराच्या वर दंडाला. किंवा दोन्ही मनगटावर घेऊन तो सबंध हात आपल्या छातीशीं आवळून धरा. पावसांत भाकरीचें फडकें आपण जसें उराशीं धरतों, तसा. तो हात आपल्या धडाला चिकटला कीं त्याच्या एकट्या हाताची झुंज आपल्या सर्व अंगाशीं होते, आणि सुई थांबते. त्याचा रिकामा हात आपल्या डोक्यावर ठोसे मारील. मारूं द्या. ठोसा सोसवतो, सुरा सोसवत नाहीं.

उभें कोठें राहावें? त्याच्या छातीसमोर नव्हे, तर हत्याराच्या हाताच्या बाहेरच्या बाजूस, त्याच्या पाठीकडे. तेथें त्याचा दुसरा हात आपल्यापासून लांब पडतो. आणखी एक फायदा असा कीं, त्याला हत्यार ह्या हातांतून त्या हातांत बदलतां येत नाहीं. हा बदल फार लोकांस भोंवला आहे. आपण उजवें मनगट धरून निर्धास्त झालों आणि सुरा डाव्या हातांत गेला, तर आपण रिकामी मूठ धरून बसलों असें होईल. म्हणून डोकें त्याच्या खांद्याशीं टेकवा, अंग चिकटवा, आणि दोन हातांची गांठ पडूं देऊं नका.

आतां हत्यार सोडवावयाचें कसें? घरीं गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. लाटणें मुठींत घट्ट धरा. मग मनगट आंतल्या बाजूस, तळव्याकडे, होईल तितकें वळवा आणि तसेंच मूठ आवळून पाहा. मूठ ढिली पडेल. बोटें मिटविणाऱ्या कंडरा अशा वेळीं सैल पडतात आणि बोटें उघडणाऱ्या ताणल्या जातात. मनुष्य कितीही बळकट असो, हाडांची ही रचना सर्वांना सारखीच. दुसरें असें कीं, चार बोटें एका बाजूस व आंगठा एकटा दुसऱ्या बाजूस, म्हणून मूठ फुटते ती आंगठ्याच्या बाजूनें. ह्या दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुरे. परंतु घाई नको. आधीं हात बांधावा, मग मनगट वळवावें, आणि सुरा पडला तर पडूं द्यावा. हत्यार हिसकण्याच्या नादांत ज्यानें हात ढिला सोडला, त्यानें मिळविलेलें घालविलें.

आणखी एक वेळ ओळखावयास शिका. हत्यार अजून कमरेला आहे व हात तिकडे निघाला आहे, ती वेळ सोन्याची. तेव्हां जर आपण अगदीं जवळ असूं, तर तो हात तेथेंच कमरेशीं दाबून टाकावा. म्यानांतला सुरा कोणास कापीत नाहीं.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, ही नुसती तोंडाची कुस्ती झाली. प्रत्यक्ष कोठें घडलें तें सांगा. तर १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा पायथा आठवा. शिवाजीमहाराज व अफझलखान ह्यांची भेट तुम्हीं पोवाड्यांत शेंकडों वेळां ऐकली असेल. ती एकदां कुस्तीगिराच्या डोळ्यांनीं पाहा. बखरी व काव्यें कांहीं तपशिलांत एकमेकांशीं जुळत नाहींत. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत जें आहे त्याचा आशय असा: खानानें आलिंगनाच्या मिषानें महाराजांची मान बगलेखालीं दाबली आणि दुसऱ्या हातानें जमदाड कुशींत मारली. अंगांत चिलखत होतें म्हणून घाव लागला नाहीं. तेवढ्यांत महाराजांच्या एका हातांतील वाघनख व दुसऱ्या हातांतील बिचवा खानाच्या पोटांत गेला.

आतां विचार करा. खान देहानें थोर, ताकदीनें अचाट. त्यानें धरलें काय? मान. मोकळें काय सोडलें? दोन्ही हात. आखाड्यांत मान बगलेंत आली म्हणजे अर्धी कुस्ती जिंकली असें आपण मानतों. परंतु जेथें हातांत हत्यार असूं शकतें तेथें मान धरून हात मोकळे सोडणें म्हणजे घराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणें होय. खानाचा घात महाराजांच्या हुशारीनें झाला हें खरेंच. पण त्या हुशारीला वाव खानाच्या पकडीनें दिला. आणि दुसरी बाजूही पाहा. खानाचा जमदाडीचा हातही मोकळाच होता. तो वार कोणी अडविला? चिलखतानें. महाराजांनीं आधींच ओळखलें होतें कीं मिठींत शिरल्यावर शत्रूचा हात आवरावयास वेळ मिळेलच असें नाहीं. म्हणून आवरण्याचें काम त्यांनीं लोखंडाच्या कड्यांकडे सोंपविलें. तुमच्या आमच्या अंगावर चिलखत नाहीं. तें काम आपल्या दोन हातांनाच करावें लागणार.

त्याच भेटींत पुढें सय्यद बंडा पट्टा घेऊन धांवून आला. त्याचा हत्याराचा हात जिवा महालानें वरच्या वर तोडला, असें परंपरा सांगते. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण त्यावरूनच. नाभिक समाज ज्याला अभिमानानें आपला मानतो, त्या ह्या गड्यानें त्या क्षणीं डोकें पाहिलें नाहीं, छाती पाहिली नाहीं. जो हात महाराजांवर उठला होता तोच पाहिला. तें रण होतें, तेथें तोडणें हाच धर्म होता. आपल्याला गांवांत तोडावयाचें नाहीं, धरावयाचें आहे. परंतु नजर कोठें ठेवावी हें जिवा महालापासून शिकावें.

आतां पहिलवान मंडळींनीं राग मानूं नये. आखाड्यांतील आपल्या तीन संवयी सुऱ्यापुढें घात करितात, त्या सांगतों. पहिली संवय पट काढण्याची. एकेरी किंवा दुहेरी पट काढतांना आपण खालीं वांकतों, दोन्ही हात त्याच्या पायांत गुंततात, आणि आपली पाठ व मान त्याच्या मोकळ्या हाताखालीं उघडी पडते. कुस्तींत तो वरून फार तर रेटील. सुरा असेल तर काय करील, हें सांगावयास नको. दुसरी संवय मान खेंचण्याची. तिचें फळ खानानें भोगलें. तिसरी संवय चीत झाल्यावर सोडून देण्याची. आखाड्यांत पाठ लागली कीं कुस्ती संपते व आपण उठून माती झटकतों. सुरेवाला पाठीवर पडला तरी त्याचा सुरा कांहीं चीत होत नाहीं. त्याला पाडावें, पण हात धरून पाडावें, आणि पडल्यावरही हात सोडूं नये. गुडघा दंडावर ठेवावा, मनगट जमिनीशीं दाबावें, आणि मोठ्यानें ओरडून माणसें बोलवावीं.

ह्याचा अर्थ आपली कुस्ती कुचकामाची असा नव्हे. बगलडूब मारून हाताखालून बाहेर निघणें म्हणजे आम्ही वर सांगितलेली बाहेरची बाजू गांठणेंच आहे. ढाकेंत समोरच्याचा हात आपल्या बगलेंत बंद होतो, तोही उपयोगाचा. धोबीपछाडीनें हात खांद्यावर घेऊन माणूस आपटतां येतो. मात्र तेथें पाठ द्यावी लागते, आणि हात निसटला तर पाठींत सुरा येतो, म्हणून तो डाव पक्की पकड असेल तरच करावा. पायाची मजबुती, तोल, दम, समोरच्याचें वजन अंगानें ओळखणें, हें सर्व मातीनेंच दिलें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान उभें केलें तें कांहीं उगाच नव्हे. फक्त कोणती संवय कोठें चालवावी एवढा विवेक पाहिजे.

हा विवेक आम्हांसच सुचला असें नाहीं. जेथें जेथें माणसें हत्यारासह अंगाला भिडलीं तेथें तेथें त्यांना हेंच कळलें. म्हैसूरचे जेट्टी वज्रमुष्टीची कुस्ती खेळतात. उजव्या मुठींत शिंगासारख्या कठीण पदार्थाचें टोंकदार हत्यार असतें, आणि डावा हात समोरच्याच्या उजव्या मनगटावर टपलेला असतो. दसऱ्याला राजवाड्याच्या अंगणांत ही कुस्ती अजूनही होते. डोक्यावर रक्ताचा थेंब दिसला कीं ती थांबवितात. रूसेले नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें १८६० नंतरच्या दशकांत बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारीं अशाच नखांच्या कुस्त्या पाहून लिहून ठेवल्या आहेत. सातासमुद्रांपलीकडे पाहिलें तर इटलींत फिओरे नांवाच्या वस्तादानें १४१० च्या सुमारास एक सचित्र ग्रंथ लिहिला. त्यांत कट्यारीच्या हल्ल्यावरचे उपाय नऊ प्रमुख पकडींखालीं लावून दिले आहेत, आणि कट्यार काढून घेणें, प्रहार करणें, हात मोडणें, हात बांधणें व माणूस पाडणें अशीं पांच कामें सांगितलीं आहेत. हॉलंडांत ॲम्स्टरडॅमच्या निकोलास पेटर ह्या कुस्तीच्या वस्तादाचें पुस्तक १६७४ सालीं निघालें. त्यांत रिकाम्या हाताच्या माणसानें चाकूवाल्याचा हात कसा धरावा, ह्याचीं चित्रें आहेत. चामडी निराळी, भाषा निराळी, पोशाख निराळा. परंतु मनगट व कोपर सगळीकडे सारखें.

ह्या पुस्तकांची आम्हांस एक गोष्ट फार आवडली. ज्यांना येत होतें त्यांनीं तें लिहून, चित्रें काढून चारचौघांपुढें ठेविलें. आपल्याकडे एखादा वस्ताद डाव शिकवितो आणि त्याची तोड मात्र पोटांत ठेवतो. तो मेला कीं विद्या मसणांत जाते. पुण्यास लहुजीबुवा साळवे ह्यांनीं आपली तालीम उघडली, तेथें जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. मांगाच्या घरचा वस्ताद आणि माळ्याच्या घरचा शागीर्द. विद्येनें जात विचारली नाहीं व वस्तादानें ती लपविली नाहीं, म्हणून ती पुढें गेली. आमची वस्तादमंडळींस हात जोडून विनंति आहे कीं जें येतें तें पोरांच्या पदरांत टाका.

शिकवावयास खर्च लागत नाहीं. वीतभर लांबीची काठी घ्या, तिला चुलींतला कोळसा चोळा. एकानें ती सुरा म्हणून धरावी, दुसऱ्यानें जुना पांढरा सदरा घालावा. डोळ्यांना इजा होऊं नये म्हणून टोंकाला चिंधी बांधा व तोंडावर मारूं नका. मग खेळा. खेळ संपल्यावर सदरा पाहा. जेथें काळा डाग तेथें जखम. पहिल्या दिवशीं सदरा काळाकुट्ट होईल आणि आपली फुशारकी उतरेल; हाच पहिला लाभ. मात्र काठीवाल्यानें सोंग करूं नये. हात पुढें करून धरा म्हणून उभा राहणारा सुरेवाला जगांत कोठेंच नाहीं. त्यानें हात मागें ओढावा, दुसऱ्या हातांत काठी बदलावी, धक्के मारावे. पहिला महिना सावकाश, पुढें जोरानें. महिनोन् महिने खेळूनही सदऱ्यावर एक-दोन डाग पडतातच, हें आम्ही अनुभवानें सांगतों. ज्याचा सदरा कधींच काळा होत नाहीं असें तो म्हणतो, त्याच्यापाशीं शिकूं नका.

हा खेळ मुलींनाही शिकवा. शेताच्या वाटेवर, कारखान्याच्या रात्रपाळींत, आणि सांगावयास लाज वाटते, पण दारू पिऊन विळा उगारणाऱ्या नवऱ्यापुढें घरांतही, त्यांना ह्याची गरज आमच्याहून जास्त आहे. दोन हात एका हातावर घालण्यांत ताकदीपेक्षां अंग चिकटविण्याचें महत्त्व अधिक, म्हणून तें त्यांना साधतें.

कायद्याचाही एक शब्द ऐका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत कलम ३४ ते ४४ हीं स्वतःच्या व दुसऱ्याच्या बचावाच्या हक्काचीं आहेत. १८६० च्या जुन्या दंडसंहितेंत तीं ९६ ते १०६ होतीं. बचावाचा हक्क आपल्याला आहे. परंतु बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाहीं. सुरा हातांतून पडला, माणूस जमिनीवर दाबला गेला, आणि मग कोणी तोच सुरा उचलून त्याच्या पोटांत घातला, तर तो बचाव राहत नाहीं. ११२ ला फोन करा, पोलीस येईपर्यंत हात धरून ठेवा. कोणाला जखम झाली तर स्वच्छ फडकें घेऊन जोरानें दाबून धरा. पातें अंगांत रुतलें असेल तर उपटूं नका. १०८ ची गाडी बोलवा. बोटाची जखम लहान दिसली तरी बोट वांकत नसेल तर त्याच दिवशीं दवाखाना गांठा. आमच्या पोराच्या बाबतींत उशीर झाला, तुमच्या होऊं नये.

आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें हीच मुख्य. आपल्या गांवांत हत्यार उचलणारा बहुधा कोण असतो? अफझलखान नसतो. बांधाच्या वितीसाठीं भांडणारा सख्खा चुलतभाऊ असतो. पाण्याच्या पाळीवरून तापलेला शेजारी असतो. जत्रेंत प्यालेला, उद्यां सकाळीं शुद्धीवर येऊन रडणारा आपल्याच आळीचा पोर असतो. त्याचा वार बसला तर एक घर प्रेत उचलतें आणि दुसरें घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवितें. वकिलाला जमीन विकली जाते, दोन्ही घरच्या पोरांची शाळा सुटते. आपण उलट वार केला तरी तेंच, फक्त घरांची अदलाबदल. परंतु तेवढ्या एका घटकेंत कोणी त्याचा हात धरला, तर मरणाराही वाचतो आणि मारणाराही वाचतो. मारण्याची विद्या एकालाच वाचविते. हात धरण्याची विद्या दोन घरें वाचविते. म्हणून ती आम्ही अधिक थोर मानतों.

त्या सुताराच्या पोराची हकीकत पुरी करून थांबतों. तो तालमींत येणें बंद करील असें आम्हांस वाटलें होतें. तसें झालें नाहीं. रोज संध्याकाळीं तो येतो. त्या हातांत रंधा नीट बसत नाहीं, पण कोळशाची काठी बसते. ती घेऊन तो पोरांपुढें उभा राहतो, आणि कोणी काठीच्या टोंकाला हात घातला कीं थांबवून आपलीं न मिटणारीं दोन बोटें त्याला दाखवितो. आमच्या साऱ्या व्याख्यानापेक्षां त्या दोन बोटांनीं पोरें लवकर शिकतात. गेल्या वर्षीं त्याच्याच हाताखालच्या एका मुलानें बांधावरच्या भांडणांत आपल्या काकाचा कोयत्याचा हात छातीशीं आवळून धरला, लोक धांवून येईपर्यंत सोडला नाहीं. पोराच्या खांद्याला खरचटलें, एवढेंच. काका-पुतणे आज एकाच विहिरीचें पाणी पाळीनें घेतात.

असे मुलगे व मुली आपल्या गांवच्या तालमींतून निघोत, एवढीच आमची इच्छा.